आणखी एक टोपलं

सिद्राममामा मिस्त्री गेले त्याला आता दुसरा उन्हाळा लागला. ते गेले तेव्हा मी प्रशिक्षणासाठी आठ दिवस धाराशिवला होते. परत आले तर सगळं आटोपलेलं. म्हणजे जातानाही या माणसानं मला सांगितलं नाही. सांगून काही करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. माझ्या घराची बांधलेली भिंत पाडली तेव्हा सांगितलं नाही, आठ मजूर ताटकळत ठेवून गायब झाले तेव्हा सांगितलं नाही, मग मरताना काय सांगणार?

माझा नवरा एसटीत कंडक्टर आहे. वैताग देण्यात तोही काही कमी नाही. पण लग्नाच्या वीस वर्षांत त्यानं दिला नसेल एवढा वैताग या म्हाताऱ्यानं मला सात महिन्यांत दिला. आज त्यांची आठवण आली की पहिल्यांदा रागच येतो. बाकीचं मागून येतं.

मी माकणीच्या बाजूला एका गावात आरोग्य उपकेंद्रावर नर्स आहे. गाव सासरचंच, पण इतकी वर्षं आम्ही बाहेरगावीच राहिलेलो. बदली होऊन आले त्याच महिन्यात शेजारच्या जुन्या गावात एका आजीला बीपीच्या गोळ्या द्यायला निघाले होते. सोबत आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या कमलताई. बोळाच्या तोंडाशी कमलताईंनी वर बघितलं आणि एकदम थांबल्या. "सिस्टर, तुमी जावा फुडं. म्या हितंच थांबते," म्हणाल्या. का, ते विचारेपर्यंत पाठ फिरवून उभ्या.

पुढं गेले तर त्या आजीच्या घराच्या माळवदावर एक काटक म्हातारा फावड्यानं माती ओढून खाली लोटत होता. गुडघ्यापर्यंत धोतर, खिशाची बंडी, खिशातून ओळंब्याची दोरी लोंबणारी. खाली अंगणात घरमालक थयथयाट करत होता.

"अवो मामा, उतरा खाली! घर माजं हाय का तुमचं?"

"घर तुजंच हाय. मरनार बी तूच हाईस," म्हातारा शांतपणे म्हणाला आणि पुढचं फावडं लोटलं. ते नेमकं माझ्या डोक्यावर. केसांत, कानांत, गोळ्यांच्या पिशवीत सगळीकडं पांढरी माती.

"बाई, बाजूला व्हा, अंगावर पडंल."

"पडली की!"

"मंग आता कशाला सरकताव? थांबा तिथंच, दोन फावडी ऱ्हायलीत."

ही माझी आणि सिद्राममामांची ओळख.

त्यांचा हा उद्योग पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होता. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. या मातीतून पाणी लवकर उतरत नाही. तरी पावसाळ्याच्या तोंडाला, गळू नये म्हणून वर आणखी एक टोपलं टाकायचं, अशी रीत. एका टोपल्यानं काय होतं? काही होत नाही. पण आजोबांनी टाकलेलं असतं, बापानं टाकलेलं असतं, आणि काढायचं म्हणून कुणाच्या डोक्यातही येत नाही. बघता बघता डोक्यावर हात-दीड हात माती होते.

सिद्राममामा गावोगाव हिंडून लोकांच्या माळवदावर चढायचे, सळई खुपसून थर मोजायचे आणि जास्तीची माती खाली लोटायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. घरचे लोक सकाळी दार उघडून बघतात तर अंगणात मातीचा ढीग. कुणी शिव्या द्यायचं, कुणी दगड उगारायचं. यांचं एकच पालुपद.

"गळू नये म्हनून टाकताव. मंग एक दिस सगळंच खाली येतंय."

भूकंपाला तीस वर्षं होऊन गेली, तरी आमच्याकडं ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पण लोकांनी त्यातून घेतलं ते भलतंच. माती म्हणजे मरण, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गावं नव्यानं वसली ती सिमेंटची, आणि सोयरीक जमवताना पहिला प्रश्न, घर स्लॅबचं आहे का? सिद्राममामा त्याआधी या भागातले नावाजलेले मिस्त्री होते. भूकंपानंतर त्यांना मातीचं एक काम कुणी दिलं नाही. जन्मभराचा कारागीर, दुसऱ्याच्या बांधकामावर सिमेंटची पाटी उचलायला गेला.

आता यात मी कुठं आले? मी भाड्यानं राहत होते ती खोली पत्र्याची. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत भांड्यातलं पाणी हाताला चटका देई. स्लॅबवाल्या शेजारणीचं घर संध्याकाळी तापायला लागायचं ते पहाटेपर्यंत. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. भूकंपात गावातले मोठमोठे वाडे बसले, पण आमच्या बुद्धवस्तीतल्या कुडाच्या झोपड्या हलल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. "गरिबीनं वाचिवलं बग आमाला," असं म्हणून त्या हसायच्या. ते ऐकून ऐकूनच माझ्या डोक्यात मातीचं घर शिरलं. हलकं, गार, आणि माझ्या ऐपतीतलं.

वस्तीत हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं लोक कौतुक करतील. कौतुक राहिलं बाजूला, माझे चुलत सासरे जयभीम घालून ओट्यावर बसले ते तासभर मला झापत होते. "आमी मातीत जल्मलो, मातीत राबलो. तू शिकलीस, सरकारी नोकरी लागली, आन पुन्यांदा आमाला मातीत घालतीस व्हय?" त्यांचं मला पटत होतं, हेच अवघड होतं. तरी मी सिद्राममामांकडं गेले.

ते मुलाच्या स्लॅबच्या घरात राहत, पण झोपायला बारा महिने अंगणात. बाजेवर बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंत किती जाड पायजे?"

"चांगली जाड," मी उत्साहानं म्हणाले. "गारवा राहील."

ते उठले, पायताण घातलं आणि चालू लागले. खरंच चालू लागले! मी गल्लीच्या टोकापर्यंत मागं पळाले. परत आणून बसवलं तेव्हा कळलं की त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर 'तुम्ही म्हणाल तेवढी' असं होतं.

मजुरीचं बोलणं त्यांनी दोन मिनिटांत उरकलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिस्टर, म्या ह्ये घर बांधतो. पर एक हाय. कमली तुमच्यासंगं कामाला हाय. तिनं ह्या घरात पाय टाकला पायजे. बास."

"कमलताईंनी? का?"

"भाची हाय माजी," ते म्हणाले आणि ओळंब्याची दोरी उगाच गुंडाळत बसले.

पुढचं मला आत्यांनी सांगितलं. सगळं गाव जाणत होतं, मीच नवी होते. कमलताईंची आई ही सिद्राममामांची धाकटी बहीण. तिचं घर मामांनी स्वतः बांधलेलं. बहिणीचं घर म्हणून भिंत अडीच हात जाड, आणि दर पावसाळ्याआधी मामा स्वतः जाऊन माळवदावर माती टाकायचे. इतरांच्या घरावर एक टोपलं, तर बहिणीच्या घरावर दोन. शेवटच्या वर्षी तुळई वाकलेली बघून ती म्हणाली होती, दादा, आता हे ओझं उतरव आणि साधा पत्रा टाक. मामांनी ऐकलं नाही. मिस्त्रीची बहीण पत्र्याखाली झोपली तर लोक काय म्हणतील? त्यांनी आणखी एक टोपलं टाकलं. भूकंपाच्या पहाटे ते घर बसलं. बहीण गेली, मेव्हणे गेले. अकरा वर्षांची कमल परगावी होती म्हणून राहिली. मोठी झाल्यावर तिला हे कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून ती मामांशी बोलत नव्हती. एका गावात राहून वीस-बावीस वर्षं!

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर चीडही आली. घर माझं, कष्ट माझे, आणि गृहप्रवेश कमलताईंचा! वर या दोघांच्या मधल्या मध्ये मी. मामा उपकेंद्राच्या पुढच्या दारानं आले की कमलताई मागच्या दारानं निघून जायच्या. समोरासमोर आलेच तर दोघांची तोंडं माझ्याकडं. "सिस्टर, तुमच्या आशाताईला सांगा, सायकल भित्तीला टेकवू नगं." "सिस्टर, तुमच्या मिस्त्रीला सांगा, भित्तीची एवडीच काळजी आसंल तर वाटंवर बांदू नका." दोघांमध्ये अंतर चार हातांचं. मी काय पोस्टमन होते?

कामाला सुरुवात होणार म्हणून मी रजा टाकली. मामा म्हणाले, रजा कशाला, अजून माती सापडली नाही. माझ्या प्लॉटवरची माती काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला चालत नाही. मग पंधरा दिवस माझ्या स्कूटीच्या मागं बसून हा माणूस टेकाडं, ओढे आणि पडक्या गढ्या धुंडाळत हिंडला. माती चिमटीत घ्यायची, थुंकी लावून मळायची, तिचा करंगळीएवढा नाग वळून बघायचा, आणि चक्क जिभेवर ठेवायची. मी जंतांच्या गोळ्या वाटणारी बाई. माझ्यासमोर!

ठिकठिकाणची माती ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचे, वर पाणी घालून खळखळून हलवायचे आणि माझ्या उपकेंद्राच्या खिडकीत मांडायचे. तळाला वाळू किती बसते, वर चिकणमाती किती राहते, हे बघायला. अशा बावीस बाटल्या. प्रत्येकीला वेगळ्या गाठीचा दोरा, कारण मामांना लिहिता येत नव्हतं. तेवढ्यात एके दिवशी आमचे डॉक्टरसाहेब अचानक तपासणीला आले. खिडकीतले गढूळ पिवळे-तपकिरी नमुने बघून त्यांचा चेहराच उतरला.

"सिस्टर, हे लघवीचे आहेत? आणि तुम्ही मला कळवलं नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आत मामा दारातून म्हणाले, "हात लावू नगा साहेब. बसू द्या."

साहेबांना वाटलं आपल्यालाच बसायला सांगतायत, ते बसले. मला त्या दिवशी कारणे दाखवा नोटीस मिळायची ती थोडक्यात टळली. साहेब गेल्यावर मी मामांवर मनसोक्त ओरडून घेतलं. ते बाटलीकडं डोळे लावून होते. "कावू नगा, सिस्टर. माती आदी बसली की घर मागनं बसत न्हाय," म्हणाले. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

पाया मुरमानं भरला, जोतं दगडाचं केलं, चांगलं कमरेइतकं, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीला शिवायला नको. मग भेंडे पाडायला घेतले. भेंडे म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, भट्टीत न घालता नुसत्या उन्हात वाळवलेल्या. त्याचा चिखल आठ दिवस मुरवायचा. मुरवायचा म्हणजे त्यात गव्हाचं काड, भुसा नि शेण घालून रोज पाणी मारायचं आणि पायांनी तुडवायचा. पाचव्या दिवशी त्या वासानं शेजारीण भांडायला आली. आठव्या दिवशी मी स्वतः मामांशी भांडायला गेले. ते म्हणाले, "अजून दोन दिस." मुंगीलाही घाई झाली असती, यांना नाही.

भिंत उभी राहायला लागली तर ती हातभर जाड. आत्या येऊन बघतात तर त्यांना भीती. "अवो मिस्त्री, एवडीशी भित? शेळी घासली तर पडंल."

"छप्पर खांबावर हाय, आजी. भित आपली आडोश्याला," मामा म्हणाले. "हलली तर हलू द्या की. हलनारं घर मारत न्हाय." दर तिसऱ्या थरात ते बांबूच्या चिरफळ्या आडव्या घालायचे, कोपऱ्यात एकमेकींना बांधायचे, आणि बांधताना ज्यानं हात आखडला त्या मजुराच्या सात पिढ्या काढायचे. एकदा मी ड्यूटीवरून आले तर पश्चिमेकडची भिंत छातीपर्यंत होती ती जोत्याशी आलेली. खालच्या थरात एका भेंड्याला केसाएवढी चीर होती, म्हणून सगळी उतरवली. मी कपाळावर हात मारून तिथंच खाली बसले. मामांनी मला पाणी आणून दिलं, आणि ते दिल्यावर म्हणाले, "पूर्वेकडची बी बगायची ऱ्हायलीय."

कळस झाला तो छपराच्या आदल्या आठवड्यात. आठ मजूर आलेले, मामांचा पत्ता नाही. फोन लावला तर बऱ्याच वेळानं उचलला.

"सिस्टर, आज माजं येनं हुईना."

"कुठं आहात?"

"माळवदावर."

"कुणाच्या?"

"ईटला. ह्येंनी शिडी काडून घेतलीया."

ईट म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला! कुठल्याशा लग्नात त्यांनी ऐकलं की तिथं एकजण माळवदावर नवा थर टाकतोय, तर पहाटेची एसटी धरून गेले आणि न विचारता वर चढून माती लोटायला लागले. मालकानं शिव्या दिल्या नाहीत की मारलं नाही, गुपचूप शिडी उचलून गोठ्यात ठेवली. म्हातारा दिवे लागेपर्यंत वर. मी त्या मालकाला फोनवरून हातापाया पडून शिडी लावायला लावली, आणि त्या दिवशी शपथ घेतली की हे घर झालं की या माणसाचं तोंड बघायचं नाही. पंधरा दिवसांनी त्याच घरातल्या बाईचा मला फोन. "ताई, त्या म्हाताऱ्याला इचारता का, माती किती ठिवायची? तुळई खरंच वाकलीय वो." मी ते मामांना सांगितलं. एखाद्यानं छाती फुगवली असती. यांनी फक्त, "ईतभर ठिव म्हनावं," एवढं सांगितलं आणि तोंड फिरवून बराच वेळ बांबू तासत बसले.

छपरावरूनही वाद झालाच. मला हौस, मातीच्या घराला माळवद पाहिजे. मामांनी बांबूचा सांगाडा करून हलकी कौलं चढवली, वळचण चांगली हात-दीड हात बाहेर काढली.

"मातीच्या घरावर थोडीसुद्धा माती नाही?" मी म्हणाले.

"मान्सानं डोस्क्यावर माती एकदाच घ्यावी, सिस्टर. मेल्यावर." त्यांच्यात पुरतात, त्यामुळं ते हे अगदी रोजच्या हिशेबानं बोलले.

घर झालं. भन्ते येऊन वंदना झाली, खीर झाली, मला तासभर झापणारे चुलत सासरेसुद्धा भिंतीला पाठ लावून घोरत पडले. कमलताईंना मी आठ दिवस आधीपासून सांगत होते. त्या आल्या. नवी साडी नेसून आल्या, अंगणात उभं राहून मला ओटी भरल्यासारखी भेट दिली, आत्यांच्या पाया पडल्या, आणि उंबऱ्याशी येऊन थबकल्या. त्यांनी वर कौलांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "येते सिस्टर, घरी पावनं हायेत." पाहुणे कुणी नव्हते, मला माहीत होतं.

मामा लिंबाखाली उभे होते. हत्यारांची पिशवी उचलली आणि गेले. माझा सगळा राग त्या दिवशी त्यांच्यावरून उठून कमलताईंवर बसला. सात महिने मी त्या म्हाताऱ्याला सोसलं ते कशासाठी?

तरी दर आठ दिवसांनी मामा येतच राहिले. न विचारता यायचे, भिंतीवर तळहात दाबत घराभोवती फिरायचे, वळचणीखाली वाकून बघायचे आणि जायचे. मी बीपी तपासते म्हटलं तर हात मागं घ्यायचे. गोळ्या दिल्या तर बंडीच्या खिशात तशाच सापडायच्या.

मग मे महिना आला. लसीकरणाचा दिवस होता. मी आणि कमलताई घरोघर फिरून दुपारी माझ्या घराशी पोचलो तेव्हा ऊन असं की बोलवत नव्हतं, आणि वीज सकाळपासून गेलेली. कमलताई ओट्यावर बसल्या. ओट्यावर ऊन आलेलं. त्यांचा चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. मी म्हटलं, आत या. त्या म्हणाल्या, हितंच बरंय. मी पुन्हा म्हटलं. त्या पुन्हा तेच. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"बाहेर बसून मरायचं असेल तर मरा," मी म्हणाले. "मला तुमच्या दोघांचा कंटाळा आलाय." आणि आत जाऊन माठातलं पाणी प्यायला लागले.

थोड्या वेळानं मागं बघितलं तर कमलताई आत उभ्या होत्या. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, मग पाठ लावली, मग तिथंच खाली बसल्या. मी पाणी दिलं ते प्यायल्या. रजिस्टर काढून मी नोंदी करायला लागले आणि दोन नावं विचारली तर उत्तर नाही. भिंतीकडं कूस करून त्या झोपल्या होत्या.

अर्ध्या तासानं मामा आले. नेहमीसारखे तळहात भिंतीला लावत लावत दारापर्यंत आले आणि आत बघून उभे राहिले. मी उठले तर हातानंच मला बसवलं. "उठवू नगा," एवढंच, तेही ओठांतल्या ओठांत. मला वाटलं, आता हा माणूस डोळे भरून भाचीकडं बघेल. पण ते तिच्याकडं बघतच नव्हते. ते वर बघत होते. बांबू, कौलं, खांब, पुन्हा बांबू. कमलताई उठेपर्यंत, चांगला तासभर, मान वर करून ते दारात तसेच उभे. बसा म्हटलं तर बसले नाहीत, पाणी पुढं केलं तर घेतलं नाही. त्यांनी नजर खाली आणली असती तर छप्पर कोसळलं असतं, असा त्यांचा चेहरा होता. मला रडू यायला लागलं आणि मी रजिस्टरमध्ये तोंड घातलं.

कमलताई उठल्या. पदर सारखा केला आणि दाराकडं बघितलं. आता त्या मागच्या दारानं जातील, असंच मला वाटलं.

"जेवलाव का, मामा?" त्या म्हणाल्या.

"न्हाय," मामा म्हणाले.

"मंग आत येवा की."

माझ्या घरात, मला न विचारता, त्यांनी भाकरीची दुरडी काढली, वरण गरम केलं, शेंगांची चटणी वाढली. मामा ताटावर बसले. काम चालू असताना सात महिने आत्यांच्या हातची भाकरी ते आवडीनं खायचे, पण नेहमी बाहेर, लिंबाखाली. छपराखाली बसून जेवताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. शेवटचंही तेच. त्यानंतर पंधरा दिवसांत मी धाराशिवला गेले.

दोन घास झाले. कमलताई समोर बसून भिंतीकडं बघत म्हणाल्या, "आईला असलंच पायजे व्हतं. हलकं."

मामांचा हात ताटात थांबला.

"व्हय," ते म्हणाले. "ती म्हनली व्हती. दोनदा म्हनली व्हती. म्या ऐकलं न्हाय."

बास, एवढंच. तीस वर्षं हा माणूस गावोगाव लोकांच्या घरावर चढला, शिव्या खाल्ल्या, मला माती, मुरूम, बांबू, वळचण यावर तासन्‌तास ऐकवलं, आणि जे एका माणसाला सांगायचं होतं ते एवढंसं होतं. मला त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, अहो, हे आधी सांगता येत नव्हतं?

मामांचा घास तसाच हातात होता. मग कमलताईंनी वरणाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

"खावा, मामा," त्या म्हणाल्या. "निवायलंय."